दुसरा फटका

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधील मिंट स्ट्रीटवर काही वर्षांपूर्वी, कार्यालयातून परतताना, एका पोराने माझ्या खांद्यावरची पिशवी हिसकावली. बंद माझ्या मुठीत होता; ओढाताणीत पोरगा घसरून पडला. मी छत्रीच्या लाकडी मुठीने त्याच्या मनगटावर फटका मारला. पिशवी सुटली, ती मी काखेत घेतली. आणि मग दुसरा फटका मारला. तो त्याच्या भुवईवर बसला.

पहिल्या फटक्याला कायद्याचे संरक्षण होते. त्या वेळी १८६० ची भारतीय दंड संहिता लागू होती. तिची ९६ ते १०६ ही कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ या क्रमांकांनी आली आहेत. आशय बहुतांशी तोच. चोरीविरुद्ध बचावाचा हक्क माल परत मिळताच संपतो. शरीररक्षणाचा हक्क धोक्याची वाजवी भीती असेपर्यंतच टिकतो, आणि दोन्हींत इजा गरजेपुरतीच करता येते. कायदा दुबळेपणा शिकवतो असे मात्र नव्हे. बलात्काराच्या हल्ल्यात प्रसंगी हल्लेखोराचा प्राण घेण्याचीही मुभा आहे. जानेवारी २०२१ मध्ये चेन्नईलगतच्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यात अशा हल्लेखोराला ठार करणाऱ्या तरुणीला पोलिसांनी कलम १०० चा आधार घेऊन सोडले होते.

हल्ला होत असताना माणसाने प्रतिकार सोन्याच्या काट्यावर तोलावा, अशी अपेक्षा न्यायालयेही करीत नाहीत. (असे काटे त्या परिसरातल्या सराफांकडे हवे तेवढे मिळतील!) परंतु ही सवलत माझ्या उपयोगाची नव्हती, कारण हल्ला संपला होता. अर्थशास्त्रात आम्हांला सीमांत विचार शिकवला: एकूण किती यापेक्षा शेवटच्या एककाने काय साधले ते पाहावे. माझ्या शेवटच्या एककाने केवळ राग शमला.

तेवढ्यावर थांबले नाही. बऱ्या कपड्यांतला, साहेबासारखा दिसणारा माणूस मारतो आहे म्हटल्यावर आणखी चार हात वर झाले. फूलवाली बाई माझ्याकडेच पाहून म्हणाली, “पोदुम, सार.” पुरे झाले. तेव्हा कुठे मी पोराच्या आणि गर्दीच्या मध्ये उभा राहिलो.

ठाण्यात जबाब लिहून द्यायचा होता. आयुष्यभर टिपणे लिहिलेल्या हाताने मी लिहिले, ‘झटापटीत सदर इसमास किरकोळ इजा झाली.’ आणखी काही सांगायचे आहे का, असे हवालदाराने विचारले. मी नाही म्हणालो आणि सही केली.