नावात हेसन, नकाशात नाही

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला आपलं गाव सांगताना जे स्पष्टीकरण जोडावं लागतं, तसंच ऱ्हाईनहेसनच्या लोकांनाही जोडावं लागतं. हा जर्मनीतला सर्वांत मोठा वाइनचा प्रदेश, आणि तो हेसन राज्यात नाहीच! १८१६ मध्ये तो हेसनच्या ग्रँड ड्यूककडे गेला म्हणून हे नाव पडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर नवी राज्यं आखली गेली, तेव्हा तो ऱ्हाईनलँड-फाल्झमध्ये आला. नाव चिकटलं ते चिकटलंच. मी इंदूरचा, त्यामुळे मला हे फार समजवावं लागलं नाही.

कंपनीच्या कामासाठी फ्रँकफर्टला होतो तेव्हा शनिवारी ट्रेनने माइन्झ आणि तिथून नियरश्टाइन, असा माझा ठरलेला कार्यक्रम असे. माइन्झच्या एका चौकात ५० अंश उत्तर अक्षांशाची खूण जमिनीत बसवली आहे. आपलं नाशिक २० अंशांवर. इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकतं कसं? आजूबाजूचे डोंगर पाऊस आणि गार वारा अडवतात. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस. इंदूरला चार महिन्यांत याहून कितीतरी जास्त पडतो. नाशिकच्या वेलाला थंडीत पुरती झोप लागत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशी दोनदा कात्री चालते. इथला वेल मात्र हिवाळाभर गाढ झोपतो. छाटणी एकदाच, जूनमध्ये फुलोरा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी.

नियरश्टाइनला पाहायचा तो रोटर हांग, म्हणजे तांबडा उतार. ऱ्हाईनच्या काठाला लागून चढत गेलेला, लोहामुळे लाल झालेला हा खडक सुमारे २८ कोटी वर्षांचा. आपल्या माळव्याचा काळा बेसाल्ट त्याच्यापुढे लहान मूल, साडेसहा कोटींचा! उतारावर ऊन तिरपं न पडता अंगावर येतं, दगड तापतो, खाली नदी थंडीची धार बोथट करते. म्हणून सावकाश पिकणारं रीसलिंग इथे लावतात. आतल्या टेकड्यांवर वाऱ्याने आणून टाकलेली मऊ पिवळी माती आहे. तिथे सिल्व्हानर जास्त. वसंतात पांढऱ्या शतावरीच्या कोंबांबरोबर लोक तीच वाइन घेतात. मला स्वतःला शरद ऋतूतला फेडरवायसर आवडला: अजून आंबत असलेला रस. बाटलीचं झाकण मुद्दाम सैल असतं, त्यामुळे ती बॅगेत आडवी टाकायची नाही.

पण या प्रदेशाची खरी गोष्ट वोर्म्सच्या लीबफ्राउएन चर्चभोवतीच्या मळ्यात आहे. तिथली वाइन ‘लीबफ्राउमिल्श’ म्हणून गाजली. पुढे ते नाव आसपासच्या कुठल्याही मळ्यातल्या वाइनला लागू लागलं. देवगड हापूसच्या पेटीत भलतेच आंबे निघतात, तसंच. फरक इतकाच की इथे ते कायदेशीर होतं. वेलावर घड वाढवले, रस पातळ झाला, मग न आंबलेला गोड रस मिसळून चव झाकली. १९७० आणि ८० च्या दशकांत ही स्वस्त वाइन ब्रिटन-अमेरिकेत धो-धो खपली आणि त्याच खपाने ऱ्हाईनहेसनची अब्रू घालवली. शेतकऱ्याला भाव मिळेना.

सावरलं ते आपल्या वयाच्या मुलामुलींनी. या शतकाच्या सुरुवातीला वाइनचं शिक्षण घेऊन ती घरच्या मळ्यांत परतली. पीक कमी ठेवलं, गोडवा काढून टाकला, आणि बाटलीवर गावाचं, उताराचं नाव ठळक छापलं. घरातल्या मोठ्यांच्या डोळ्यांदेखत पिकते घड कापून जमिनीवर टाकणं सोपं गेलं नसणार.

वोर्म्सचा तो मूळ मळा अजून चर्चला खेटून उभा आहे. तिथल्या बाटलीवर आज लीबफ्राउमिल्श लिहीत नाहीत. मळ्याचं पूर्ण नाव लिहितात: लीबफ्राउएनश्टिफ्ट-किर्शेनश्ट्युक. उच्चार जमेपर्यंत मला तीन शनिवार लागले.