यानोशने काय केलं?

हंगेरियन माणूस आडनाव आधी सांगतो, नाव नंतर. आपल्याकडच्या शाळेच्या हजेरीपटासारखं. त्यामुळे नवऱ्याच्या घराण्याचा शोध घ्यायला बसले तेव्हा ते कागद मला त्याच्यापेक्षा लवकर वाचता यायला लागले. तो अमेरिकेत वाढलेला, आडनाव शेवटीच शोधायचा.

शोध होता सासूबाईंच्या आजीचा. घरात तिला सगळे 'नॉद्यमामा' म्हणत. हंगेरियनमध्ये आजीला हाच शब्द आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ 'मोठी आई'. सासूबाईंचं पहिलं दशक तिच्याच मांडीवर गेलं, पण तिचं नाव त्यांना माहीत नव्हतं. क्लीव्हलंडच्या दफनभूमीतल्या दगडावर दोन ओळी आहेत. खरी नावं घरची आहेत, म्हणून आजोबांना इथे कोवाच यानोश म्हणूया. कोवाच म्हणजे लोहार. हंगेरीत पैशाला पासरी सापडणारं आडनाव. पहिल्या ओळीत कोवाच यानोश. दुसऱ्या ओळीत 'कोवाच यानोशने'.

मराठी डोळ्यांना ते अर्धवट वाक्य वाटतं. यानोशने काय केलं? क्रियापद कुठे आहे? पण हंगेरियनमध्ये हा 'ने' नवऱ्याच्या नावाला लागतो आणि अर्थ होतो 'त्याची बायको'. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात, तरी बदललेलं का होईना, बाईला एक नाव उरतं. या जुन्या रीतीत तेही उरत नाही. नवऱ्याचं अख्खं नाव आणि शेवटी एक अक्षर.

पहिला धागा जहाजाच्या यादीत मिळाला. 1907 साली ती दोन वर्षांच्या मुलाला घेऊन न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरली होती. यादीत तिचं पहिलं नाव होतं, गाव होतं. आडनाव मात्र नवऱ्याचंच. गाव कॉश्शॉजवळचं. नकाशावर कॉश्शॉ शोधलं तर सापडलं कोशित्से, स्लोवाकियात. पहिल्या महायुद्धानंतर, 1920च्या त्रियानोन तहाने हंगेरीचा जवळपास दोन तृतीयांश प्रदेश गेला, त्यात हेही शहर चेकोस्लोवाकियाकडे गेलं. 1938मध्ये परत हंगेरीकडे, 1945ला पुन्हा चेकोस्लोवाकियाकडे आणि 1993पासून स्लोवाकिया. घरात बसून राहिलेल्या माणसाचाही देश इतक्यांदा बदलला. म्हणून तिकडचे पूर्वज शोधताना प्रत्येक गावाची दोन-तीन नावं हाताशी ठेवावी लागतात.

माणसांचीही तशीच. 1844पर्यंत हंगेरीच्या राज्यकारभाराची भाषा लॅटिन होती; चर्चच्या वह्यांतही ती खूप भेटते. एकच यानोश लॅटिनमध्ये जोआनेस, स्लोवाकमध्ये यान आणि अमेरिकेत पोचल्यावर जॉन. सरकारी जन्म-मृत्यू नोंदी 1 ऑक्टोबर 1895ला सुरू झाल्या. त्याआधीचं सगळं चर्चच्या आणि इतर धर्मसंस्थांच्या वह्यांत.

या वह्यांचे फोटो 'फॅमिलीसर्च'वर फुकट बघता येतात. आम्ही रोज रात्री जेवणानंतर बघायचो. मुलगा 1905चा, म्हणून त्या सालचे बाप्तिस्मे उघडले. त्या एका वर्षात गावात दोन कोवाच यानोशना मुलगे झाले होते. घरात जपलेल्या कागदावरची जन्मतारीख त्यांतल्या एकाशीच जुळली. त्या ओळीत घर क्रमांक होता, वडिलांचं नाव होतं आणि पुढे आईचं. 'ने' लावलेलं नाही. तिचं स्वतःचं नाव, जहाजाच्या यादीतलंच, आणि त्याआधी तिचं जन्माचं आडनाव.

ज्या समाजाने बाईला 'ने'मध्ये गुंडाळलं, त्यानेच आईच्या रकान्यात तिचं जन्मनाव जपून ठेवलं होतं. हंगेरीच्या ओळखपत्रावर आजही आईचं जन्मनाव असतं. आपल्याकडे 1 मे 2024पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचा नियम आला, पण त्यात येतं ते फक्त पहिलं नाव. तिच्या माहेरचं आडनाव त्यात नाही.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर ती ओळ दाखवली. अक्षर जुनं, वळणदार; त्यांना लागेना. मी वाचून दाखवलं. त्यांनी ते नाव तीन-चार वेळा हळूहळू उच्चारलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी प्रार्थनेत तिला नुसतं नॉद्यमामाच म्हणत आले." थोड्या वेळाने विचारलं, "आणि तुझ्या आजीचं?"

माझ्या आजीचं लग्नातलं नाव मला माहीत आहे. नवरदेवाने तांदळात अंगठीने लिहिलेलं. त्याआधीचं नाव आत्याला फोन करून विचारलं. तिला आठवेना. "माहेरी सगळे तिला बेबीच म्हणायचे गं," ती म्हणाली. पण आजी चौथीपर्यंत शिकली होती. म्हणजे तिच्या माहेरच्या गावातल्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, आडनाव आधी आणि नाव नंतर, ती असणार. दिवाळीत जाईन तेव्हा त्या शाळेत जायचं ठरवलं आहे. सासूबाई दर रविवारी आठवण करून देतात.