स्वतःची गाणी वाजवणारा बँड

तर मंडळी, या विकांताला रॉक! ज्यांना ड्रम सुरू झाले की डोकं धरावंसं वाटतं, त्यांनी सरळ सोमवारी हापिसात भेटावं :)

आमच्या जालन्यात 'बँड' या शब्दाला एकच अर्थ आहे. लाल कोट, सोनेरी झालर, क्लॅरोनेट आणि मागून धडधडत येणारी जनरेटरची गाडी. तिथ दाट असली की एका दिवसात दोन-दोन वराती. इंजिनिअरिंगला असताना मी घरी सांगितलं की आम्ही मित्रांनी बँड काढलाय, तर पप्पा शांतपणे म्हणाले, "कामून? लग्नाच्या सुपाऱ्या घ्यायच्यात का आता?"

तेव्हा मी जाम चिडलो होतो. पण प्रश्न धंद्याचा होता आणि अचूक होता. बँड कुणाची गाणी वाजवतो आणि त्याचे पैसे कोण देतं? मुंबईच्या एका रॉक बँडची सगळी कारकीर्द याच प्रश्नाभोवती फिरली.

आधी तारखा बघा. गन्स एन' रोझेस लॉस एंजेलिसमध्ये 1985 साली सुरू झाला. रॉक मशीन मुंबईत 1984 साली, म्हणजे एक वर्ष आधीच! त्यांचा पहिला अल्बम 1987 चा, यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' 1988 चा. त्यांच्यातली मुख्य जोडी 1996 च्या सुमारास फुटली, हे 1997 ला थांबले. मध्ये मोठी गॅप, मग तिकडे 2016 ला स्लॅश परत आला, इकडे 2010 ला मंडळी पुन्हा जमली. आलेख जवळजवळ सारखाच, फक्त उभ्या अक्षावरचे आकडे वेगळे. त्यांच्या पहिल्याच अल्बमच्या कोट्यवधी प्रती खपल्या. यांचं नाव मी काढलं की समोरचा विचारतो, "कोण?"

17 मे 2025 ला गन्स मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर आले होते, तेव्हा आम्ही पाच जण पुण्याहून गाडी करून गेलो. एक्स्प्रेसवेवर मी मुद्दाम रॉक मशीनचं 'टॉप ऑफ द रॉक' लावलं. गाडीतल्या बाकी चौघांनी ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. चौघंही गिटार, ड्रम, काहीतरी वाजवणारे, बरं का!

रॉक मशीनही सुरुवातीला परदेशी बँडची गाणीच वाजवायचे. त्यात कमीपणा काही नव्हता. त्या काळात ना नेट, ना केबल. कुणाचा तरी काका परदेशातून कॅसेट आणणार, तिच्या कॉप्यांच्या कॉप्या निघणार, आणि चौथ्या कॉपीत गायकापेक्षा खरखर जास्त. मूळ बँड इथे येण्याची शक्यता जवळपास शून्य. मग धोबी तलावच्या रंगभवनात किंवा कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये आपल्यातलंच कुणीतरी ते गाणं जसंच्या तसं वाजवतंय, हे पब्लिकला हवंच होतं. माझ्या मते ही चोख सर्व्हिस इंडस्ट्री होती. क्लायंटचं स्पेसिफिकेशन, आपलं एक्झिक्युशन. आपण तरी रोज वेगळं काय करतो?

आणि नेमकी हीच कव्हरं सोडून हे लोक स्वतःची गाणी लिहायला लागले. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. तिनईकर हे आडनाव कॅसेटच्या कव्हरवर बघून मला उगाचच घरचं वाटलं होतं. 1990 ला दुसरा अल्बम 'द सेकंड कमिंग' आला. 1993 ला त्यांनी नावच बदललं, इंडस क्रीड. जुनं नाव जगातल्या कुठल्याही बँडला चाललं असतं; नव्यात सिंधू नदी आली. 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्हीचं आशियातलं प्रेक्षकपसंतीचं बक्षीस मिळालं. 1995 ला नव्या नावाचा अल्बम आला, आणि दोन वर्षांत सगळं थांबलं. माझा जन्म 1997 चा. म्हणजे मी पाळण्यात होतो तेव्हा हे आवराआवर करत होते.

का थांबलं? मला वाटतं, ज्या सॅटेलाइट टीव्हीने यांना घराघरात नेलं, त्यानेच यांचा बाजार खाल्ला. मूळ परदेशी बँड आता थेट दिवाणखान्यात दिसायला लागले, आणि देशी म्हणून जे विकलं जात होतं ते हिंदी पॉप. इंग्रजीत स्वतःचं गाणारा मुंबईचा बँड या दोन्हींच्या मधे अडकला. प्रॉडक्ट तयार आणि मार्केट सरकलेलं!

मला खरं आवडतं ते पुढचं. बेनेगल न्यूयॉर्कला गेला, तिथे जुना साथीदार जयेश गांधीबरोबर 'आम्स फॉर शांती' काढला. 2010 ला बँड पुन्हा उभा राहिला तेव्हा जुनी तीन माणसं होती, बेस आणि ड्रमवर रुशद मिस्त्री आणि जय रो कवी ही तरुण पोरं. जुनी गाणी वाजवून नॉस्टॅल्जियावर सहज दिवस काढता आले असते. पण 2012 ला त्यांनी 'इव्हॉल्व्ह' हा पूर्ण नवा अल्बम आणला. मिक्सिंग केलं टिम पामरने, पर्ल जॅमचा 'टेन' मिक्स करणारा तोच. पुन्हा स्वतःचीच गाणी. हट्टीपणा बघा!

असो. हे सगळं आत्ताच लिहायचं कारण असं की आमच्या बँडला एका पबने महिन्यातून एक शनिवार देऊ केलाय. मॅनेजरची एकच अट, सगळी कव्हरं, "पब्लिकला ओळखीचं पाहिजे." आमच्याकडे स्वतःची चार गाणी आहेत, मराठीत. त्यातलं एक जालन्याच्या रोलिंग मिलमधल्या रात्रपाळीवर आहे, आणि ते खरंच बरं झालंय. पैसे ठीकठाक आहेत, गिटारच्या तारा आणि पेट्रोल सुटेल एवढे. ड्रमर म्हणतो, आठ कव्हर आणि शेवटी दोन आपली, तोवर मॅनेजर हिशोबात गुंतलेला असेल. मी म्हणतो, रात्रपाळीचं गाणं तिसऱ्या नंबरला, जेव्हा पब्लिक अजून शुद्धीवर असतं. अजून ठरलेलं नाही. उद्या सकाळी त्याच्या गच्चीवर मीटिंग आहे, पोह्यांसकट.