मोत्या आणि कालव्याचा बेत

यंदाच्या उन्हाळ्यांत इंग्लंडांतील एखाद्या कालव्यावर आठ दिवस नावेंत काढावे, आणि तेहि आमच्या मोत्याला बरोबर घेऊन, असें आमच्या घरीं फाल्गुनांत ठरलें. आणि तेव्हांपासून आजपर्यंत तो बेत आम्हांस चार वेळां बदलावा लागला आहे. विश्रांतीकरितां काढलेल्या प्रवासास इतकी खटपट पडावी, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु त्या खटपटींत आमचा वेळापत्रकाचा अभिमान कसकसा गळत गेला तें सांगण्याजोगें आहे, म्हणून हा प्रपंच.

कालवा म्हटला म्हणजे आपल्याकडील मनुष्याच्या डोळ्यांपुढें मुठेचा, नाहीं तर नीरेचा कालवा उभा राहतो. त्याचें काम शेताला पाणी पाजण्याचें. मँचेस्टरनजीक बिऱ्हाड केल्यास आम्हांस पंचवीस वर्षें होत आलीं, तरी येथील कालवे मुख्यतः माल वाहण्यासाठीं खणले गेले, ही गोष्ट आमच्या ध्यानांत फार उशिरा आली. ब्रिजवॉटर कालव्याचा पहिला भाग १७६१ सालीं खुला झाला, तो खाणींतील कोळसा मँचेस्टरकडे आणण्यासाठीं. कांठच्या वाटेनें घोड्यानें चालावें व दोरानें नाव ओढावी, अशी ती रीत. पुढें आगगाडी आली, तिच्यामागून मोटारी आल्या, आणि बरेचसे कालवे ओस पडले. १९४४ सालीं एल. टी. सी. रोल्ट यांनीं आपल्या नौकाप्रवासाचें 'नॅरो बोट' हें पुस्तक प्रसिद्ध केलें, १९४६ सालीं कालवे वांचविण्यासाठीं एक संस्था निघाली, आणि आज इंग्लंड व वेल्समधील सुमारें २,००० मैलांचे जलमार्ग एका विश्वस्त संस्थेच्या देखरेखीखालीं असून त्यांवर हौशी मंडळींच्याच नावा अधिक दिसतात. घोडा गेला, त्याची वाट मात्र राहिली; आणि कुत्रा बाळगणाऱ्यास त्या वाटेसारखी दुसरी सोय नाहीं.

नाव म्हणजे सात फुटांहूनहि किंचित् अरुंद आणि साठ-सत्तर फूट लांब, आगगाडीचा डबाच पाण्यांत सोडल्यासारखी. तींत निजावयाचे पलंग, स्वयंपाकाची शेगडी, न्हाणी, सर्व कांहीं असतें. ती हांकण्यास परवाना लागत नाहीं. भाड्यानें देणारे लोक निघण्यापूर्वीं सर्व शिकवून सोडतात. वेगाची मर्यादा तासास ४ मैल. कुत्रा दमेपर्यंत कांठानें नावेबरोबर चालूं शकतो, हें ऐकूनच आम्ही या छंदाच्या नादीं लागलों.

आमचा पहिला बेत असा होता, कीं हर्लस्टन येथून निघून लँगॉथलेनचा कालवा शेवटपर्यंत पाहून यावा. जातांना सुमारें ४४ मैल आणि २१ लॉक; येतांना पुनः तितकेच. लॉक म्हणजे दोन दारांमधला अरुंद हौद. नाव आंत घ्यावयाची, दार लावावयाचें, झडपा उघडून पाणी भरावयाचें किंवा सोडावयाचें, म्हणजे नाव सावकाश वर चढते वा खालीं उतरते. नावाडी लोक एक लॉक म्हणजे एक मैल असें धरून तासास तीन मैलांचा हिशेब करतात. त्या मानानें आमचे १३० मैल झाले, म्हणजे ४३ तास. पूर्ण दिवस सहा, तेव्हां रोज सात तासांहून अधिक. आम्हीं तक्ता आंखून भिंतीवर लावला. चिरंजीवांनीं तो पाहून एवढेंच विचारलें, "बाबा, सुट्टी कोणत्या दिवशीं आहे?"

परंतु तो तक्ता खऱ्या अर्थानें फाडला आमच्या मातोश्रींनीं. त्यांचें वय ७८. घरांत कुत्रा आला तेव्हां त्यांनीं आठवडाभर आमच्याशीं अबोला धरिला होता, आणि अद्यापि देवघराच्या उंबऱ्याजवळ मोत्या दिसला तर त्यांचा आवाज चढतो. त्या सोफ्यावर जपमाळ घेऊन बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अरे, बेचाळीस वेळां त्याला आंत-बाहेर करणार कोण? दिवाळीपासून तो जिना चढत नाहीं, हें तुम्हां कोणाच्या लक्षांत तरी आहे का?"

आमच्या लक्षांत नव्हतें. मोत्या रात्रीं खालीं निजतो तें त्याला तेथें गार वाटतें म्हणून, अशी आमची समजूत होती. त्याला बारावें वर्ष चालू आहे, वजन २६ किलो. मागले पाय आंखडूं लागले आहेत, हें दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांनींहि सांगितलें. नावेच्या मागच्या बाजूनें खोलींत उतरावयाच्या पायऱ्या तर जवळजवळ उभ्याच असतात. चिरंजीव म्हणाले, त्याला आठ दिवस श्वानगृहांत ठेवावें, तेथें चांगली व्यवस्था होते. सौभाग्यवती कांहीं बोलल्या नाहींत. त्या उठून मोत्याच्या भांड्यांत पाणी घालावयास गेल्या.

येथें गतवर्षींची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. एका दिवसापुरती लहान नाव घेऊन आम्ही फिरावयास गेलों होतों. ऊन होतें म्हणून मोत्याचें तरंगतें जाकीट आम्हीं पिशवींतच ठेविलें. नाव कांठाशीं लागण्यास हातभर अंतर असतांनाच त्यानें उडी घेतली, आणि तो कांठ व नाव यांच्या मधल्या फटींत पडला. पाणी कंबरेइतकेंच, पण कित्येक टनांचें लोखंडी धूड त्याच्या अंगावर येत होतें. सूनबाईंनीं पायांनीं नाव रेटून धरली, आम्हीं त्याचा पट्टा ओढला, तो डोक्यावरून निसटून हातांत आला. शेवटीं मानेची कातडी धरून त्याला वर घेतलें. चूक सर्वस्वीं आमची. त्या जाकिटाच्या पाठीवर मूठ असते ती कशासाठीं, हें तेव्हां कळलें.

असो. आतांचा बेत पुष्कळ आंखूड आहे. शनिवारीं एल्झमीर येथून निघावयाचें. तेथून लँगॉथलेन सुमारें वीस मैल, आणि मध्यें लॉक दोनच. मागें मोठें व कठडा असलेलें डेक आहे अशीच नाव मागितली आहे. कुत्रा आणूं देतात का, त्याचें वेगळें भाडें किती, हें आधींच विचारून घेतलें. हे नियम प्रत्येकाचे निराळे असतात. लॉकमध्यें नाव असेपर्यंत मोत्या खोलींत राहील, कारण त्या ओल्या भिंतींवरून कुत्र्यास वर येतां येत नाहीं. कांठच्या कुरणांत मेंढ्या, म्हणून तेथें साखळी. उंदरांच्या मुत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून होणारा जो लेप्टोस्पायरोसिस मुंबईकरांस पावसाळ्यांत ठाऊक आहे, तो कुत्र्यांसहि होतो. त्याची वार्षिक लस टोंचून झाली आहे.

राहतां राहिला पाँटकसल्टेचा पूल. टेलफर्ड व जेसप यांनीं बांधलेला हा जलसेतु १८०५ सालीं खुला झाला. डी नदीवरून १२६ फूट उंचीवर लोखंडी पन्हळांतून १,००७ फूट कालवा जातो. एका बाजूस पायवाट व कठडा, दुसऱ्या बाजूस पन्हळाची कड आणि खालीं दरी. मोत्यास डेकवर ठेवणें शक्यच नाहीं, आणि कोंडलें तर तो भुंकून जीव नकोसा करील. तेव्हां तो पायवाटेनें चालेल असें ठरलें. साखळी कोणाच्या हातीं, याचा वाद मातोश्रींनीं मिटविला. त्या स्वतः चालणार आहेत, सूनबाई बरोबर असतील. मात्र मोत्या दमलेला असेल तर त्याच्या अलीकडूनच मागें फिरावयाचें. म्हणून तक्त्यांत त्या पुलापुढें वार लिहिलेला नाहीं.

नावेच्या पायऱ्यांवर टाकण्यासाठीं आम्हीं एक फळी करून तिच्यावर काथ्याची चटई ठोकली आहे. काल ती जिन्यावर टेकवून मोत्यास चालविलें. दोन वेळां तो नीट चढला. तिसऱ्या वेळीं फळीच्या मध्यावर बसला आणि अर्धा तास उठला नाहीं. त्या अर्ध्या तासाची जागा तक्त्यांत कोठें करावी, हें आम्ही सध्यां पाहत आहों.