जुन्या झुडपांची छाटणी

घोटीचा पाऊस आपणांस निदान ऐकून तरी ठाऊक असेल. कळसूबाईच्या रांगेकडचे ढग एकदा आले की सप्टेंबर सरेपर्यंत आमचे अंगण सोडीत नाहीत. वडिलांनी लावलेली जास्वंद, तगर आणि कामिनी या ओलाव्यावर ४० वर्षांत पन्हळीला टेकली. आईच्या खोलीची खिडकी दिवसाही काळोखी झाली आणि सावलीतली फरसबंद वाट दिवाळीपर्यंत शेवाळलेली राहू लागली. आई ८३ वर्षांची आहे. घरात वृद्ध माणूस असेल, तर वाढलेल्या झुडपाकडे प्रथम पाय घसरण्याच्या दृष्टीने पाहावे.

‘कोयता घाला आणि मोकळे व्हा,’ असे शेजारचे म्हणत. आईला ते रुचेना. ‘त्यांच्या हातची झाडं आहेत,’ एवढेच ती म्हणे.

वास्तविक नाशिक जिल्ह्याला छाटणी नवी नाही. आपले द्राक्षबागायतदार वर्षातून दोनदा वेल छाटतात. एप्रिलमध्ये काडी तयार व्हावी म्हणून, ऑक्टोबरमध्ये घड यावेत म्हणून. परंतु घरच्या जुन्या झुडपाला एका दमात बोडके करू नये. पाने हेच त्याचे स्वयंपाकघर. दरवर्षी सर्वांत जुनी, जाड अशी एक तृतीयांश खोडे जमिनीलगत कापावीत. तीन वर्षांत सारे झुडूप नवे होते आणि अंगण एकदाही उघडे पडत नाही. हे सांगितले तेव्हा आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ‘तीन वर्षं? बरं. मग आधी खिडकीकडचं काप.’

भर पावसात छाटू नये. ओल्या जखमेत बुरशी शिरते. मोगरा डिसेंबर-जानेवारीत, जास्वंद थंडी ओसरल्यावर फेब्रुवारीत छाटावी. प्रथम वाळलेले, किडलेले काढावे. फांदी आखूड करावयाची तर बाहेरच्या बाजूस वळलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका छेद द्यावा. सिकेटरचे पाते स्पिरिटने पुसलेले असावे.

आता कोणी काय करावे ते. स्टुलावर किंवा शिडीवर चढण्याचे काम ज्येष्ठांनी करूच नये, सवय कितीही जुनी असो. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर साधा ओरखडाही बराच वेळ वाहतो, हातमोजे घालावेत. दाट बुंध्यात हात घालण्यापूर्वी काठीने चाहूल घ्यावी, तिथे साप असू शकतो. कण्हेरीबाबत मात्र मी कठोर आहे. तिचा प्रत्येक भाग विषारी असून ते विष हृदयावर परिणाम करते. तिचा चीक अंगाला लागू देऊ नये, फांद्या जाळू नयेत, कारण धूरही बाधतो. विस्मरणाचा आजार असलेली व्यक्ती घरात असेल, तर ते झाड न ठेवलेलेच बरे.

मग वृद्धांनी नुसते पाहत बसावे काय? मुळीच नाही. निवड त्यांची असावी. आई ओट्यावर खुर्ची टाकून बसते, काठीने खोड दाखवते, मी त्याला चिंधी बांधतो. चिंधी नसलेल्या खोडाला करवत लागत नाही. तगरीचे एक वाकडे खोड तिने देवाच्या फुलांसाठी राखले. माझ्या हिशेबाने ते जायला हवे होते, पण ते राहिले.

दोन फेब्रुवारी झाले. वाट आता लवकर सुकते आणि सकाळी दहाला आई दिवा न लावता वर्तमानपत्र वाचते. पुढच्या खेपेसाठी कामिनीच्या चार खोडांना तिने आताच चिंध्या बांधवून घेतल्या आहेत.