माफ झालेलं कर्ज म्हणजे कमाई नव्हे



ही माझ्या चुकीची गोष्ट आहे. ती आधी कबूल केल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला अधिकार नाही.

आमच्या वस्तीतले एक काका महापालिकेत सफाई कामगार होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. पेन्शन महिना २२ हजार. काकूंच्या आजारपणात त्यांनी एका खाजगी बँकेचं वैयक्तिक कर्ज काढलं. काकू गेल्या, कर्ज राहिलं. हप्ते थकले, वसुलीवाले दारात येऊन "पेन्शन बंद करू" म्हणू लागले. शेवटी बँकेचं तडजोडीचं पत्र आलं. येणं ३ लाख ४० हजार, त्यातले १ लाख ६० हजार एकरकमी भरा, उरलेले १ लाख ८० हजार सोडून देतो. मुदत ३० दिवस.

काका पत्र घेऊन विहारात आले. "बाळा, तू शिकलेला आहेस, नीट वाचून सांग." मी मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहिले आणि छातीठोकपणे सांगून टाकलं, की माफ झालेली रक्कम उत्पन्नात धरतात, तिच्यावर इन्कम टॅक्स बसेल. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जो पैसा हातात आलाच नाही, त्याच्यावर टॅक्स?" टॅक्सच्या धास्तीने त्यांनी मुदत जाऊ दिली. दोन महिन्यांनी तीच तडजोड १ लाख ९५ हजारांना झाली. माझ्या अर्धवट ज्ञानाचे ३५ हजार काकांनी भरले.

व्हिडिओ खोटे नव्हते, अमेरिकेचे होते. तिथे ६०० डॉलर किंवा जास्त कर्ज सोडलं, की कर्ज देणारी संस्था सरकारला '१०९९-सी' नावाचा फॉर्म पाठवते आणि ती रक्कम साधारणपणे उत्पन्न धरली जाते. आपली देणी मालमत्तेपेक्षा जास्त होती हे दाखवलं तर सूट मिळते, पण त्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो. तिथल्या पेन्शनरांना ही भीती खरीच आहे. मी ती उचलून आमच्या वस्तीत आणली.

आपल्याकडे काय आहे? काकांना लागू होता तो १९६१ चा आयकर कायदा. त्याचं कलम ४१(१) सांगतं, की सुटलेलं देणं उत्पन्न ठरतं ते धंद्यात, आणि तेही त्या देण्याची वजावट आधी घेतली असेल तर. काकूंच्या औषधपाण्याची वजावट काकांनी कुठल्या धंद्यात घेतली होती? कलम २८ मधल्या 'लाभा'ची तरतूदही धंदा-व्यवसायापुरतीच. महिंद्र अँड महिंद्र कंपनीला परदेशी कंपनीकडून ५७ लाखांहून जास्त कर्ज माफ झालं होतं, तेव्हा आयकर खात्याने ते उत्पन्न धरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१८ मध्ये कंपनी जिंकली. २०२३ च्या वित्त कायद्याने कलम २८ मध्ये रोख लाभही आणला, म्हणून ज्यांनी टपरी, रिक्षा किंवा दुकानासाठी धंद्याचं कर्ज काढलंय त्यांनी तडजोडीआधी जाणकाराला जरूर विचारावं. घरखर्चाचं, दवाखान्याचं वैयक्तिक कर्ज काढलेल्या पेन्शनरचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि समजा, माझं बरोबर असतं तरी? वर्षाची पेन्शन २ लाख ६४ हजार, माफी १ लाख ८० हजार. बेरीज साडेचार लाखांच्या आत. नव्या करप्रणालीत २०२३-२४ पासून ७ लाखांपर्यंत आणि २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत अशा उत्पन्नावर कर शून्य. म्हणजे काका ज्याला घाबरले तो कर कोणत्याही हिशेबाने निघतच नव्हता. एवढी बेरीज मला दहा मिनिटांत करता आली असती. मी समाजशास्त्रात एमए आहे, हे इथे मुद्दाम लिहितो.

बाबासाहेबांचा ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ चा. कर कोणाकडून घ्यायचा आणि पैसा कोणावर खर्च करायचा, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. आपण मात्र संविधानाची कलमं तोंडपाठ करतो आणि पैशाचा कागद आला की सीएकडे किंवा यूट्यूबकडे बोट दाखवतो. कंपनीकडे वकील असतात. काकांकडे मी होतो.

वसुलीवाल्यांची धमकीही पोकळ होती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या पेन्शनवर जप्ती येत नाही. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेचं २०२२ चं परिपत्रक आहे. हे काकांना कुणी सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

खरं नुकसान दुसरीकडे आहे. सिबिलवर आता 'सेटल्ड' असा शेरा बसलाय, त्यामुळे पुढचं कर्ज बँक सहजासहजी देणार नाही आणि अडीअडचणीला सावकाराचं दार उरतं. पैसे भरायला काकांनी ठेव मोडली, तिचं व्याज मात्र करपात्र उत्पन्नात येतं. बँकेने त्यातून टीडीएस कापू नये म्हणून '१५ एच' फॉर्म भरला, तो या वेळी मी आधी दोनदा वाचला.

'नो ड्यूज'चं पत्र अजून हातात आलेलं नाही. सोमवारी मी आणि काका पुन्हा बँकेत जाणार आहोत.