खोक्याचा बैल

अमेरिकेत १४ फेब्रुवारीला, व्हॅलेंटाइनच्या दिवशी, प्राथमिक शाळेतली पोरं एकमेकांना चिठ्ठ्या देतात. त्या ठेवायला घरून खोका करून न्यायचा. लेकीकडे होते तेव्हा नातवासोबत मी बुटांच्या खोक्याचा बैल केला. तपकिरी कागद डकवला, पुठ्ठ्याची शिंगं खोचली, जुन्या खणाची झूल घातली. त्याशिवाय कसला बैल! तोंडाची फट चिठ्ठीपेक्षा बोटभर रुंद ठेवा, नाहीतर वैरण अडकते. बाईंनी वर्गाची यादी धाडली होती: द्यायची तर सगळ्यांना. भांडण झालेल्या पोराचं नाव नातू गाळत होता. मी नुसती पेन्सिल पुढं सरकवली. बऱ्याच वेळानं त्यानं ते लिहिलं, सगळ्यात शेवटी.